भागवतच्या पत्त्यावर न आलेलं तिकीट

चिखली
२७ ऑक्टोबर २०२५

चि. धम्मरत्न यास,
जानूमामाचा सप्रेम जयभीम.

फोन केला की तू "मामा, मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस आणि ठेवून देतोस. मोबाइलवर तुकड्या-तुकड्यांनी पाठवलेलं मला वाचवत नाही, अर्धं वाक्य सकाळी आणि अर्धं दुपारून. म्हणून सरळ कागदावर लिहितो आहे. बसस्टँडच्या मागे भागवतचं ऑनलाइन सेंटर आहे. तो हे पत्र मशीनवर ठेवून तुला मेल करील. तूही तिथेच पत्र पाठव, तो छापून देईल. माझा मेलचा पत्ता म्हणजे त्याच्या दुकानाचाच पत्ता. माझाच काय, अर्ध्या चिखलीचा तोच आहे. फॉर्ममध्ये मेलचा रकाना आला की भागवत कोणाला विचारत बसत नाही, आपला पत्ता ठोकून देतो आणि पुढे जातो. तिकिटासाठी मी तुलाही तोच दिला होता.

आता मुद्द्यावर येतो. एकोणीस तारखेला तू सांगितलंस की तुझ्या आईचं आणि माझं विमानाचं तिकीट काढलं, एकवीस नोव्हेंबरचं, संभाजीनगरहून मुंबई आणि तिथून बेंगळुरू. "कन्फर्मेशनचा मेल तासाभरात येईल," असंही म्हणालास. आज आठ दिवस झाले. मी रोज सकाळी दुकानात जातो. भागवत मेलची पेटी उघडतो आणि आम्ही दोघं त्यात डोकं घालतो. पीकविम्याचे अर्ज, कोणाच्या पोरीचा निकाल, कोणाच्या फारकतीची तारीख, केस उगवायचं तेल. लोकांचं नको ते बघून मला किळस आली आहे, पण आपल्या तिकिटाचा पत्ता नाही.

एकतीस वर्षं चिखली आगारात कंडक्टर होतो. तिकीट म्हणजे हातात येतं आणि ज्याला भोक पाडता येतं ते, एवढं मला माहीत. हे हवेतलं तिकीट हवेतच राहिलं की काय?

तुझी आई मात्र निवांत आहे. तेवीसला एकुलत्या एका पोराचं लग्न, आणि बाई जन्मात पहिल्यांदा विमानात बसणार. पंधरा किलोच्या वर सामान चालत नाही असं कोणीतरी सांगितलं, तर तिने बॅग नेऊन रेशन दुकानाच्या काट्यावर ठेवली. चौदा किलो सहाशे भरली. दुकानदाराने विचारलं तर म्हणाली, "पोराच्या लग्नाले चालली ना भाऊ, इमानानं." आता सगळ्या गल्लीला माहीत झालं आहे. पांढरं, बारीक काठाचं लुगडं आणलं आहे. प्रवासात पांढरं मळतं, रंगीत घे, असं तू तिला फोनवर म्हणालास म्हणे. ती मला म्हणाली, "आपल्यात मंगल परिणयाले वरमाय रंगीत नेसन काय? याले काही समजत नाही."

तेव्हा कंपनीला एकदा चांगलं दटाव आणि कळव.

तुझा
जानूमामा

०

बेंगळुरू
२८ ऑक्टोबर २०२५

मामा, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. उगाच काळजी करू नका. पेमेंट प्रोसेसिंगमध्ये आहे, अशा वेळी मेल यायला उशीर होतो. कधी कधी असे मेल स्पॅममध्ये जाऊन पडतात, म्हणजे नको असलेल्या मेलच्या कप्प्यात. भागवतला तिथे बघायला सांगा.

आणि खरं सांगू का, शंभर लोकांचा मिळून एकच मेल हीच मुळात चूक आहे. कोणी तरी चुकून पुसूनही टाकला असेल. त्यात मी काय करणार?

आईच्या तब्येतीचं बघा. विमान बदलायचं, मुंबईला तीन तास बसायचं, तिला झेपेल का हे डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. नाही म्हणाले तर तसं कळवा, मी समजून घेईन. कंपनीशी मी बोलतो, तुम्ही फोन करू नका. ती लोकं इंग्रजी-हिंदीत बोलतात, तुम्हालाच त्रास होईल.

धम्मरत्न

०

चिखली
१ नोव्हेंबर २०२५

चि. धम्मरत्न यास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र नमस्काराने सुरू झालं. ऑफिसची सवय असेल, म्हणून सोडून देतो.

स्पॅम बघितलं. पुन्हा बघायला सांगू नकोस. लॉटरी लागली म्हणणारे, घरबसल्या कर्ज देणारे, आणि अशा औषधांच्या जाहिराती की भागवतनेच लाजून पडद्यावर हात धरला. एवढी घाण मी पाथर्डीच्या जत्रेहून येणाऱ्या शेवटच्या गाडीतसुद्धा पाहिली नव्हती. गाडी निदान आगारात गेल्यावर धुता तरी येत होती.

तुझं ते 'पुसून टाकला असेल' भागवतच्या फार मनाला लागलं. छापून तोच देतो ना, वाचणारच. म्हणाला, "काका, सात वर्षं झाले, कोनाचा एक कागद गहाळ झाला नाही माह्याकडून. हे पाहा, तुमच्या भाच्याचं पत्र. त्यानं पाठोलं अन् एका मिनिटात आलं. मंग तिकीटच काऊन नाही येऊन राह्यलं?" मी त्याला म्हटलं, बाबा, माझा भाचा धड आहे, कंपनीच लबाड आहे.

तू नको म्हणालास तरी कंपनीला फोन केला. सत्तेचाळीस मिनिटं. त्यातली चाळीस एक मशीन मला सांगत होतं की माझा फोन त्यांच्यासाठी फार मोलाचा आहे. मोलाचा असता तर उचलला नसता का? बसमध्ये मी एखाद्या म्हातारीला असं चाळीस मिनिटं दारात उभं ठेवलं असतं तर डेपो मॅनेजरने घरी बसवलं असतं. शेवटी एक मुलगी आली. तुझं नाव तिला तीनदा सांगितलं. मग तुझ्या आईचं नि माझं नाव घातलं आणि म्हणाली, एकवीस तारखेला या नावांचं कोणीच नाही. इतकं तोंडावर खोटं बोलतात. तू पैसे भरलेस आणि ते म्हणतात कोणीच नाही.

बिनतिकिटाच्या माणसाची सोंगं मला तोंडपाठ आहेत रे. एकजण म्हणतो खिशातून पडलं. दुसरा म्हणतो बायकोजवळ आहे, ती पुढे बसली आहे. तिसरा म्हणतो, आत्ता तर काढलं होतं साहेब. पण तिकीट देणाराच सोंग करतो हे पहिल्यांदा बघतो आहे.

तुला आठवतं का, तू बारा वर्षं पूर्ण केलीस तेव्हा आपल्या गावाहून, रोहिणखेडहून, माझ्या गाडीत बसला होतास. मी वय विचारलं तर अर्ध्या तिकिटासाठी अकरा म्हणालास, आणि मी सगळ्यांदेखत पूर्ण तिकीट फाडून हातात दिलं. तुझी आई मला हप्ताभर बोलली नव्हती. तेव्हापासून मला खात्री आहे, तू तिकिटाच्या बाबतीत वाकडं करणार नाहीस.

डॉक्टरांना विचारलं. ते हसले. तुझ्या आईचं बीपी माझ्याहून बरं आहे.

जानूमामा

०

बेंगळुरू
५ नोव्हेंबर २०२५

मामा,

मी तुम्हाला फोन करू नका म्हटलं होतं. तुम्ही चौकशी केली की त्यांच्या सिस्टीममध्ये बुकिंग अडकतं. आता सांगतात की निर्णय व्हायला आठ-दहा दिवस लागतील. कदाचित रद्दही होईल. तसं झालं तर ऐन वेळी दुसरं तिकीट मिळणं अवघड आहे.

मी एक विचार करतो आहे. लग्न काही मोठं नाही, योगिनीच्या घरच्यांचीच माणसं जास्त. इकडचं वातावरण वेगळं असतं, आई अवघडून बसेल. त्यापेक्षा जानेवारीत मीच योगिनीला घेऊन चिखलीला येतो. लग्नाचा व्हिडिओ पाठवतो, तुम्ही भागवतच्या दुकानात मोठ्या पडद्यावर बघा. आईला तुम्ही नीट समजावून सांगा, तुमचं ती ऐकते.

आपला,
रतन

०

चिखली
१३ नोव्हेंबर २०२५

धम्मरत्न,
जयभीम.

हे पत्र भागवतच्या मशीनवर ठेवलेलं नाही. पाकीट चिकटवून स्पीड पोस्टाने पाठवतो आहे. का, ते पुढे कळेल.

तुझ्या मागच्या पत्राखाली 'रतन' अशी सही होती. मी म्हटलं, ऑफिसातल्या लोकांनी लांब नाव छाटलं असेल, आणि कदाचित तिकीटही त्याच नावावर अडकलं असेल. मशीनशी बोलण्यापेक्षा माणसाने माणसाला विचारावं, म्हणून काल पहाटेच्या गाडीने निघालो. देऊळगाव राजा, जालना, संभाजीनगर. विमानतळाच्या दारात शिपाई म्हणाला, तिकीट दाखवा मग आत जा. मी म्हटलं, बाबा, तिकीट आहे की नाही हेच विचारायला आत जायचं आहे. त्याने बाहेरच्या खिडकीकडे बोट दाखवलं.

खिडकीत एक मुलगी होती. तिने पंधरा मिनिटं माझ्यासाठी घालवली. तुझ्या आईचं नाव, माझं नाव, धम्मरत्न, रतन, सगळं घालून बघितलं. मग म्हणाली, "आजोबा, अडकलेलं काही नाही, रद्द झालेलं काही नाही. या नावांनी बुकिंग कधी झालेलंच नाही." मी निघालो तर मागून हाक मारून म्हणाली, "पुढे कधी काढलं तर नाव आधार कार्डासारखंच घाला हं. जुळलं नाही तर दारातून परत पाठवतात."

तिथून जालन्यापर्यंत मी कंपनीलाच शिव्या दिल्या. जालन्याच्या पुढे दिल्या नाहीत.

आज सकाळी भागवतला म्हटलं, रतन जाधव आणि योगिनी, असं टाकून काही सापडतं का बघ. एक पान निघालं, तुमच्या लग्नाचं. फुलांची वेल, वर गणपती. भागवतने वाचलं आणि म्हणाला, "काका, मी जरा चहा पिऊन येतो." सात वर्षांत तो गिऱ्हाईक बसलेलं असताना उठलेला मी पाहिलेला नाही. मग मी एकट्याने वाचलं. 'चि. रतन, कै. हरिभाऊ जाधव पाटील, देऊळगाव राजा, यांचे सुपुत्र.' खाली लिहिलं आहे, 'वराच्या मातोश्री दीर्घ आजारामुळे उपस्थित राहू शकणार नाहीत.' ते पान चौदा ऑक्टोबरला टाकलेलं आहे. तू तिकीट काढलं म्हणालास ते एकोणीसला.

म्हणजे तिने काट्यावर बॅग ठेवायच्या आधीच तू तिला आजारी पाडलं होतंस.

मला राग येईल असं वाटलं होतं. आली ती शिसारी. तुझी आली, आणि माझीही. एकतीस वर्षं लोकांच्या चेहऱ्यावरून ओळखलं की तिकीट आहे की नाही, आणि घरच्या माणसाला ओळखता आलं नाही. भागवतला लबाड ठरवू दिलं, त्या फोनवरच्या मुलीला खोटारडी म्हटलं. ती दोघंच खरं बोलत होती.

आमच्या गाडीत कॉलेजची पोरं दुसऱ्याच्या पासवर बसायची. फोटो घासलेला, नाव भलत्याचं. अशी पोरं कधी खिडकीबाहेर बघत नसत. मेहकर येवो की लोणार, त्यांचं लक्ष दाराकडे, चेकर कुठे चढतो याच्याकडे. मी पास काढून घ्यायचो तेव्हा कित्येकांनी सुटल्यासारखा श्वास सोडलेला मी ऐकला आहे. तू या पासवर जन्मभर बसणार आहेस, आणि शेजारी ती पोरगी बसणार आहे, जिला माहीत नाही.

तुझ्या आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. बॅग दाराआड आहे. काय सांगू तेवढं लिही.

जानराव इंगळे

०

बेंगळुरू
१७ नोव्हेंबर २०२५

मामा,

तुम्ही सगळं शोधलंच आहे, तर लपवण्यासारखं काही उरलं नाही. हो, मी तिकीट काढलं नव्हतं.

पण तुम्ही बसमध्ये लोकांना तिकीट विचारलंत, लोकांनी तुम्हाला आडनाव विचारलं नाही. अंगावर खाकी होती. इथे पहिल्या वर्षी मला दोन घरं नाकारली. दुसऱ्या घराची चावी हातात दिली होती, पूर्ण नाव लिहून दिल्यावर मालक म्हणाला, पुतण्या येणार आहे. ऑफिसात एकाने माझं नाव वाचलं, वर बघितलं आणि हसला. नुसता हसला. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रतन झालो. जाधव ऐकून लोकांनी जे समजायचं ते समजलं, मी फक्त नाही म्हटलं नाही. पुढचं आपोआप वाढत गेलं. योगिनीच्या वडिलांनी गाव विचारलं, मी देऊळगाव राजा म्हणालो. त्यांनीच पाटील जोडलं.

त्या बसमध्ये तुम्ही पूर्ण तिकीट फाडलंत तेव्हा सगळी गाडी माझ्याकडे बघत होती. तशी नजर पुन्हा अंगावर नको, एवढंच मला हवं होतं.

आई नसताना लग्न करणं मलाही जड जातं आहे. म्हणून आज खरोखर तिकीट काढलं. मेल भागवतला गेला आहे, आणि या कुरियरच्या पाकिटात छापील प्रतही आहे. यावेळी खरं आहे, तपासून बघा. या दोघं. पाया पडतो, फक्त चार दिवसांचा प्रश्न आहे. तिथे मला रतन म्हणा. जयभीम म्हणू नका. आईला पांढरं नेसू देऊ नका, आणि ती आजारातून नुकती उठली आहे असं सांगा. रोहिणखेडचं नाव काढू नका. योगिनीला मी पुढे कधी तरी सांगेन. आत्ता सांगितलं तर लग्न मोडेल.

तुमचा भाचा

०

चिखली
१९ नोव्हेंबर

बाळ धम्मरत्न,
तुह्या मायचा जयभीम.

हे पत्र मी माह्या हातानं लिहून राह्यली. चवथी शिकेल हावो, चुका होतीन त्या पदरात घेजो.

तुहा मामा मले काही सांगत नव्हता. दोन दिवस जेवला नाही, पाणी बी नीट पेला नाही. आज तुहं कुरियर आलं तं त्यानं सगळे कागद माह्यापुढे ठेवले अन् आंगणात जाऊन बसला. मी समदं वाचलं.

मले लय आधीपासून माहीत होतं बाळा. लुगडं रंगीत घे म्हणालास ना, त्याच दिशी समजलं. पांढरं मळते म्हणून पोरगं मायले कधी सांगते काय? पन मी मामाले बोलली नाही. बॅग भरली, काट्यावर नेली, गल्लीत सांगतलं. म्हटलं माय तयार बसेल हाये हे पाहून तुले लाज वाटन, तू काढशीन तिकीट. तू काढलं. उशिरानं काढलं पन काढलं, हे मी मनात धरलं.

मामानं तं तिकीट हातात घेतलं, उलटसुलट करून पाह्यलं. म्हैनाभर बिचारा त्याच्यासाठी वणवण फिरला. मंग टेबलावर ठेवून देल्लं. म्हणाला, "चांगुणा, खरं हाये. पन मी या गाडीत बसत नाही. तुले जायचं तं जा."

तुले घर देल्लं नाही हे तू मले कधी सांगतलं नाही. सांगतलं असतं तं मी रडली असती, पन तुह्या सोबत रडली असती. तो मानूस हासला ते वाचून माह्या बी आंगाची लाही झाली. शाळेत खिचडी शिजवत होती तवा माह्या हातचं नको म्हणून डबा आनणारे लेकरं मी पाह्यले हायेत. मी पातेलं घासून दुसऱ्या दिशी पुन्हा शिजवत होती. मले त्या लोकायची किळस येत होती. आता तू बी त्याहीच्याच बाजूनं जाऊन बसला. माह्या लुगड्याची तुले किळस, माह्या जयभीमची किळस. हे मले गियल्या जात नाही.

तुले शाळेत टाकलं तवा मास्तर म्हणाले होते, लंबं नाव हाये, रतन लिहू काय, पोराले सोपं जाईन. तुह्या बापाच्या हातावर तवा लाकडं फोडताना लागेल कुऱ्हाडीचा घाव होता, पट्टी बांधेल होती. तो म्हणाला, "नाही गुरुजी, पूरं लिहा." एवढंच बोलला.

माह्या तिकिटावर नाव बरोबर हाये. चांगुणा हरिभाऊ जाधव. मी आधार कार्ड बाजूले ठेवून पाह्यलं. मामा म्हणते, नाव जुळलं नाही तं इमानवाले दारातूनच वापस करतात. माह्यं जुळते. पन तुह्या लग्नाच्या पानावर जी रतनची माय हाये ते बिमार हाये. मी तं बिमार नाही. ते बाई दुसरी कोनी असन, तिच्या जागेवर जाऊन मी कशी बसू?

म्हनून आमी येत नाही. तेवीस तारखेले मी पांढरं लुगडं नेसून विहारात जाईन. खीर करीन, वंदना घेऊ, गल्लीतल्या लेकरायले वाटू. कोनाचं लग्न म्हणून विचारलं तं तुहं पूरं नाव सांगीन. रोहिणखेडचं बी सांगीन.

योगिनीले माहा आशीर्वाद दे. पोरीची काही चूक नाही. तिले आपलं समदं सांग, अन् सांगतल्यावर ते काय म्हणते ते लिहून पाठव. लग्नाच्या आधी सांग नाही तं पाच वर्षांनं सांग, पन तूच सांग. मेल भागवतच्याच पत्त्यावर टाकजो, त्याच्याकडून कोनाचा कागद गहाळ होत नाही. मी रोज सकाळी मामासंग दुकानात जाऊन पाहीन.

बॅग मी सोडली नाही. दाराआड तशीच हाये, चौदा किलो सहाशे.

तुही माय
चांगुणा हरिभाऊ जाधव